दहाव्या नंबरचं गाणं

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथंच बरं आहे. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ओरडतो. "ब्रेक! अहो ब्रेक, तो क्लच आहे!" गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी आली की माझ्या शिवणकामाच्या दुकानात मशीन चालू असूनही मला कळतं. आणि नेमकी याच माणसाच्या डोक्यात, डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला चिकटून गाठ निघाली. दुसरी जागा मिळाली नाही मेलीला.

सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ काढता येईल, पण पूर्ण निघायला हवी. जेवढी आत राहील तेवढी पुन्हा वाढणार. आणि काढताना थोडा जरी हात पलीकडे गेला तर बोलणं जाणार. म्हणून ऑपरेशन चालू असताना त्याला मध्येच जागं करायचं आणि बोलतं ठेवायचं. जिथं बोलणं बिघडेल तिथं थांबायचं.

"म्हणजे डोकं उघडं ठेवून गप्पा मारायच्या?" भोंगा म्हणाला. "जमेल की. गप्प बसायचं असतं तर अवघड होतं."

सर्जन हसला. मला मात्र हसू आलं नाही.

मग स्पीच थेरपिस्ट आली. लहानशी, चष्मा लावणारी मुलगी, पण कामाला पक्की. ऑपरेशनच्या वेळी ती त्याच्या तोंडासमोर बसणार होती. ती म्हणाली, चित्रं दाखवून नावं विचारेनच, पण नुसतं नाव घेणं वेगळं आणि आठवून, जुळवून बोलणं वेगळं. "यांना तोंडपाठ असलेला एखादा विषय सांगा. उत्तरं ठरलेली हवीत, म्हणजे चुकलं की मला लगेच कळेल."

"दाढीवाल्याची दहा गाणी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दाढीवाला म्हणजे आमचा गायक. गेली चाळीस वर्षं गिटार बडवतोय. सत्तरी उलटली, दाढी पांढरीफेक झाली, गुडघ्याला पट्टा बांधून स्टेजवर येतो, पण पहिली तार छेडली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. भोंगा आणि मी लहानपणापासून त्याच्या गाण्यांचे नंबर लावतो. त्याची दहा, माझी दहा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून दोन याद्या चिकटवलेल्या आहेत. त्यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी घराच्या वाटणीवरूनही कोणाची होत नसतील. नियम एकच. गाणं वरखाली करायचं असेल तर दुसऱ्याला समोर बसवून कारण सांगायचं. गुपचूप हलवायचं नाही.

थेरपिस्टनं मला बाजूला घेतलं आणि त्याची यादी माझ्याकडून लिहून घेतली. त्याला दाखवायची नव्हती, नाहीतर तो घोकून येईल. मी एका दमात लिहिली. पहिलं 'सातवा मजला', दुसरं 'गंजलेलं फाटक', तिसरं 'उलटा रस्ता', असं करत करत दहावं 'मीठ'.

"यात बदल तर होणार नाही ना?" तिनं विचारलं.

"सूर्य पश्चिमेला उगवेल," मी म्हटलं, "पण हा 'सातवा मजला' खाली उतरवायचा नाही."

'मीठ' माझ्या यादीत पहिलं. त्याच्या यादीत दहावं, आणि तेही माझा जीव जळावा म्हणून ठेवलेलं. "ड्रम नाही, काही नाही. एक माणूस आणि एक गिटार, नुसतं रडगाणं," तो म्हणायचा. "त्या दिवशी आम्ही सगळे त्या गाण्याला पाणी प्यायला गेलो. तू काय तिथं झोपली होतीस का?"

त्या दिवशी म्हणजे दाढीवाल्याचा कार्यक्रम आमच्या गावात झाला तेव्हा. एकदाच झाला. मी एकोणीस वर्षांची, भोंगा पंधराचा. आई नव्हतीच, आणि बाबा जाऊन वर्ष झालं होतं. भोंगा बाबांचं कॉर्डरॉयचं जाकीट घालून आला होता, बाह्या तीन वेळा दुमडून. तो वेंधळा, म्हणून त्याचं तिकीट मीच जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि हात लावायचा नाही असं बजावलं होतं. गेटपाशी खिशात हात घातला तर माझं बोट सरळ भोकातून आरपार गेलं. तिकीट नाही. रस्त्यात कुठेतरी पडलं असणार. तो आपला टाचा उंचावून आत बघत होता, आनंदानं नुसता नाचत होता. मी पर्समधलं माझं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "जा. माझं गेट वेगळं आहे, मागच्या बाजूला. सुटल्यावर या दिव्याच्या खांबाखाली थांब."

आणि तीन तास मैदानाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. आधी वाटलं, त्याच्या आनंदावर विरजण कशाला. मग वर्षं गेली आणि सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात ते खिशाचं भोक मी मशीनवर शिवून टाकलं, एवढंच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हे महाशय तेच जाकीट घालून निघाले. आता ते त्याला बरोबर बसतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"वेड लागलंय का?" मी म्हटलं.

"असू दे, ताई," तो म्हणाला.

नुसतं "असू दे". टोमणा नाही, काही नाही. पंधरा दिवस तो असाच वागत होता. चहा आणून द्यायचा, माझं ऐकून घ्यायचा. एकदा तर मध्येच म्हणाला, "ताई, तुझं गेट नक्की कुठं होतं गं?" मी म्हटलं, मागे, किती वेळा सांगू. तो गप्प बसला. भोंगा गप्प बसला म्हटल्यावर मला गाठीचीच धास्ती वाटली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की स्वभावात फरक पडू शकतो.

साडेआठला त्याला आत नेलं. त्याचे कपडे, घड्याळ, चपला एका पिशवीत घालून नर्सनं ती माझ्या हातात दिली. मी बाकावर बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा अडखळत चालायचा. अकराला त्याला जागं करतील असं सांगितलं होतं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी मनात एकेक गाणं म्हणत होते. आता पहिलं विचारलं असेल, आता दुसरं.

साडेअकराला दार उघडलं आणि थेरपिस्ट बाहेर आली. डोक्याला टोपी, तोंडावर मास्क, हातात माझा कागद. मी बाकावरून उठले.

"घाबरू नका, ते बोलतायत," ती म्हणाली. "चित्रांची नावं बरोबर सांगतात. पण गाण्यांत गडबड होतेय. पहिलं कोणतं विचारलं तर 'मीठ' म्हणतात. 'सातवा मजला' दुसऱ्यावर सांगतात. तीन वेळा विचारलं."

"मीठ?"

"तुमच्या कागदावर ते दहावं आहे. म्हणून विचारायला आले. यांनी क्रम बदलला असेल का? की गोंधळ होतोय? बराचसा भाग काढून झालाय. एक तुकडा राहिलाय, तो नेमका त्याच जागेजवळ आहे. गोंधळ असेल तर सर इथंच थांबतील."

"थांबले तर तो तुकडा?"

"आतच राहील."

खरं उत्तर मला माहीत होतं. भोंगा 'मीठ' पहिलं ठेवणार नाही. मरताना सुद्धा ठेवणार नाही. म्हणजे गोंधळ. म्हणजे थांबा. म्हणजे ती गाठ आज ना उद्या पुन्हा डोकं वर काढणार. आणि मी "हो, बदलला असेल" म्हटलं आणि तो खरंच गोंधळलेला निघाला, तर सर्जनचा हात पुढे जाईल आणि माझा भाऊ जन्मभर मुका होईल. माझ्या एका शब्दानं. देवा, असला प्रश्न वैऱ्यालाही कोणी विचारू नये.

"ताई, लवकर सांगा," ती म्हणाली. "त्यांना फार वेळ जागं ठेवता येत नाही."

"कारण विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"त्याला सांगा, ताई कारण विचारतेय. कारण सांगितल्याशिवाय गाणं हलवायचं नाही, असा आमचा नियम आहे. शुद्धीवर असेल तर सांगेल. जा, पळा!"

ती गेली. मी उभीच होते. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. हातातली पिशवी मी इतकी आवळली होती की तिचा बंद बोटांत रुतला. त्याला कारण सांगता आलं नाही तर? काहीतरी भलतंच बरळला तर? मी कागदावर चुकीचं तर लिहिलं नाही ना? नाही. आंधळी झाले तरी मला ती यादी वाचता येईल.

दार पुन्हा उघडलं. या वेळी ती सावकाश आली. तिनं नकारार्थी मान हलवली.

"बोलतायत, पण काही कळत नाही हो. शब्द स्पष्ट आहेत, अर्थ जुळत नाही. गाण्याचं कारण विचारलं तर म्हणतात, अस्तर उसवलं. तिकीट तसंच आहे, फाडलेलं नाही. ताई भिंतीबाहेर होती. हेच दोनदा म्हणाले. सर म्हणतायत, थांबूया."

पहिल्यांदा मलाही काही कळलं नाही. अस्तर? मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पिशवी बाकावर उपडी केली. चपला खाली पडल्या, घड्याळ पडलं. मी जाकीट उलटं केलं आणि आतल्या खिशावर बोट फिरवलं. माझी शिलाई होती, त्या वेळची, नवशिकी, वाकडीतिकडी. खिशाची शिलाई शाबूत होती. खाली, अस्तराच्या कडेला मात्र चार बोटं उसवलेलं होतं. कात्रीनं नाही, नखानं. शिंप्याच्या घरात राहून एवढी वर्षं याला उसवायची अक्कल आली नाही.

खिशात तिकीट होतं. पिवळं पडलेलं, घडीवर चिरलेलं, पण अख्खं. गेटवर जो कोपरा फाडून घेतात तो जागच्या जागी होता. ते रस्त्यात पडलंच नव्हतं. भोकातून अस्तरात उतरलं होतं, आणि वरून भोक शिवून मीच त्याला आत कोंडलं होतं. आज माझ्याकडे कोणी भोकाचा खिसा आणला तर मी आधी अस्तर चाचपते. तेव्हा मला कुठलं एवढं कळत होतं!

त्याला हे पंधरा दिवसांपूर्वी सापडलं असणार. त्याचं तिकीट इथं, मग तो आत गेला कोणाच्या तिकिटावर? एवढा हिशेब भोंग्यालाही जमतो. आणि मेल्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. चहा देत बसला.

"ताई?" थेरपिस्ट म्हणाली.

मी ते तिकीट तिच्या डोळ्यांसमोर धरलं. आवाज आमच्या घराण्याचा होता. "हे बघा. हे त्याचं तिकीट. हे अस्तर. आणि भिंतीबाहेर मी होते! त्याचा एक शब्द चुकलेला नाही. तो पूर्ण भानावर आहे. तुमच्या सरांना सांगा, कागद चुकीचा आहे, माणूस बरोबर आहे. काढा म्हणावं ती गाठ!"

नर्स दचकून वळली. थेरपिस्टनं एकदा तिकीट बघितलं, एकदा मला, आणि आत धावली. जाता जाता तिनं माझ्या कागदावर 'दहा' खोडून 'एक' केलेलं मला दिसलं.

पुढचे दोन तास कसे गेले ते माझं मला माहीत. जाकीट मांडीवर घेऊन बसले होते. रडले, भरपूर रडले. मग पर्समधून सुई काढली आणि ते अस्तर शिवायला घेतलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. चार टाके नीट आले नाहीत, ते उसवून पुन्हा घातले.

पावणेदोनला सर्जन स्वतः बाहेर आला. मास्क खाली केलेला होता. "दिसत होती तेवढी सगळी निघाली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत बोलत होते. खरं सांगायचं तर आम्हीच दमलो."

संध्याकाळी मला आत सोडलं, पाच मिनिटं फक्त. डोक्याला पट्ट्या, तोंड सुजलेलं, ओठ कोरडे. मी खुर्ची ओढून बसले. त्यानं डोळे उघडले, माझ्या मांडीवरच्या जाकिटाकडे बघितलं आणि बराच वेळ शब्द जुळवत राहिला. सावकाश, एकेक करून ते बाहेर आले.

"ताई... बाहेरून... किती ऐकू आलं?"

मी त्याचा हात धरला. तीस वर्षांपूर्वीची ती भिंत, तिचा गरम दगड मला पाठीला पुन्हा लागला. आत लोक ओरडत होते, ड्रम वाजत होते, आणि बाहेर नुसता गोंगाट येत होता, कुठलं गाणं चाललंय तेही कळत नव्हतं. मग एकदा सगळं थांबलं. लोक पाणी प्यायला गेले असणार, आणि एक माणूस एका गिटारवर गाऊ लागला. त्याचा शब्द न् शब्द भिंतीपलीकडे माझ्यापर्यंत आला.

"एकच गाणं आलं," मी म्हटलं. "बाकी सगळा तुझाच आरडाओरडा."