चिठ्ठ्यांवरचा वरवंटा

थोरल्या नातीचा, नंदिताचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी कुंभकोणहून व्हॅननं निघाली होती, आणि तंजावूरच्या घरामागच्या मांडवात वसुमती खुर्चीत बसून आचाऱ्यांच्या चुका काढत होती. शेजारच्या स्टुलावर चिठ्ठ्या: भात चढवा, वडे सोडा, दह्यात डांगर पच्चडी कालवा. सांगितल्या तिनं, तमिळमध्ये लिहिल्या धाकट्या नातीनं, हरितानं. वर दगडी वरवंटा. व्हॅननं वाटेतलं पापनाशम गाव ओलांडल्याचा फोन येईपर्यंत एकही चिठ्ठी हलायची नाही.

हरिताला संशोधनासाठी पुण्याला जायचं होतं. बाप नव्हता, पालक म्हणून आजीचंच नाव होतं; वसतिगृहाच्या फॉर्मवर तिची सही हवी होती. मुदत आज संध्याकाळपर्यंत. चार दिवस फॉर्म वसुमतीपाशी होता, कुठं ते ती सांगत नव्हती.

"तिथं करणार काय, ते मला कळेल असं सांग आधी."

"रक्तात टी-पेशी असतात, आज्जी. पहारेकरी. एरवी लहानशा, निजलेल्या. रोगजंतू दिसला की फुगतात, एकीच्या हजार होतात."

"इतक्या झटपट?"

"कामाच्या चिठ्ठ्या आत आधीच लिहिलेल्या असतात. आरएनए म्हणतात त्याला. पण काही प्रथिनं त्या चिठ्ठ्या धरून बसतात. वाचू देत नाहीत, जास्तीच्या फाडायला लावतात. इशारा आला की पकड सुटते."

"आणि धरणारं कुणी नसलंच तर?"

"मग जंतू नसतानाही पेशी वाढत सुटतात. आपल्याच अंगावर उठतात."

तेवढ्यात सून सुप्रभा आली. "अम्मा, बारा वाजले. भात चढवू का?"

"चढव की. त्याचा गोळा झाला की व्याह्यांच्या टकलावर थाप."

सुप्रभा परतली. वसुमतीनं वरवंट्यावर हात ठेवला.

"म्हणजे ते प्रथिन मीच. मग पुण्याला कशाला जातेस? इथं बस, मला बघ."

"एकवीस वर्षं बघतेय. पकड कशानं सुटते, ते इथं कळत नाही."

या घरात वसुमतीला असं कुणी बोलत नसे. ती काही म्हणणार तोच फोन वाजला. व्हॅन पापनाशमच्या पुढं आली होती.

तिनं वरवंटा उचलला. चिठ्ठ्या भराभर हातोहात गेल्या. तळाशी घडी घातलेला फॉर्म उरला. पालकाच्या रकान्यात चार वाकडी तमिळ अक्षरं, कडेला हळदीचं बोट.

"ही सही कधी केलीस?"

"परवा."

"आज्जी! मग चार दिवस माझा जीव—"

"तू नीट सांगितलं कुठं होतंस? जा आता. वडे सोडायला सांग."