फुलपाखरावरची फुंकर

मी एक जुनी फुंकणी आहे, मित्रांनो. चुलीपुढची लोखंडी नळी नव्हे, मी रबराची आहे. मुठीत मावणारा काळा गोळा आणि त्याला पुढे एक निमुळती चोच, एवढंच माझं रूप. दाबलं की वारा सोडायचा, मूठ सैल झाली की श्वास घ्यायचा. आयुष्यात दुसरं काही शिकले नाही. म्हणूनच माझ्या हातून जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जन्म कारखान्यातला, तो फारसा आठवत नाही. आठवतं ते बर्गनमधलं कॅमेऱ्याचं दुकान आणि तिथून मला उचलणारा आयविन. हार्डांगरमध्ये फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, उतारावर त्याची सफरचंदांची बाग होती. हात कुऱ्हाडीचे, पण छंद नाजूक. मे महिन्यात झाडं फुलली की तो फुलपाखरांचे फोटो काढत गवतात पालथा पडायचा, आणि तेही एकाच जातीचे. पंख पांढरे, नराच्या पंखांची टोकं नारिंगी, मादीची नुसती करडी. भिंगावर धूळ दिसली की मला खिशातून काढायचा आणि दोन फुंकरी मारायचा.

त्याची बायको योरुन फाटकातून हाक मारायची, "गवत कापायचं राहिलंय आणि तू त्या पाखरांच्या लग्नाला बसलायस."

"वऱ्हाडी कमी पडलेत," तो जागचा न हलता म्हणायचा, "तूही ये."

ते माझे सुखाचे दिवस होते. मग फोनमध्येच कॅमेरा आला. गरज सरो, वैद्य मरो. मी स्वयंपाकघरातल्या खणात गेले. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या, सुतळीचे तुकडे होते, आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली होती. नऊ वर्षं मला कोणी दाबलं नाही. रबराला काम नसलं की ते कडक होत जातं. माझ्या कुशीला पहिली चीर त्या खणात पडली.

तेवढ्या वर्षांत आयविनचंही काहीतरी कडक होत गेलं. आधी तो शब्द विसरला, मग वाटा. एका फेब्रुवारीत तो नुसत्या मोज्यांवर बर्फात, बागेच्या टोकाला सापडला. त्यानंतर गावच्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली.

घरात एकटी राहिल्यावर योरुन मंगळवारी वाचनालयात जाऊ लागली. तिथे बायका स्पिरिटच्या शाईने चित्रं काढत. ही शाई कागदावर नाही, गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर, भिंतीला लावतात तसल्या चौकोनी तुकड्यावर, खुलते. शाईचा थेंब टाकायचा, शेजारी स्पिरिटचा थेंब टाकायचा, आणि दोघं मिसळताहेत तोवर त्यांना वाऱ्याने ढकलायचं. कडा आपोआप उमटतात, पाकळ्यांच्या असतात तशाच. बाकीच्या बायका तोंडाने फुंकत. फुंकून फुंकून त्यांना घेरी यायची, वर फरशीवर थुंकी उडायची ती वेगळीच. योरुनला खणातली मी आठवले.

काय सांगू, मित्रांनो, म्हातारपणी पुन्हा काम मिळणं म्हणजे काय असतं ते. सफरचंदाचा मोहर कसा असतो, आत पांढरा आणि पाठीला गुलाबी, ते मला भिंगासमोर बसून ठाऊक होतं. योरुन दाबेल तसा मी वारा दिला आणि फुलं फुलली. बायका म्हणाल्या, "योरुन, तुझ्या हातात जादू आहे." माझं नाव कोणी घेतलं नाही. बरं, ते असो.

आश्रमात मात्र वेगळंच चाललं होतं. तिथली सगळी दारं सारखी, फिकट पिवळी. आयविन कुठल्याही दारातून आत शिरायचा आणि दुसऱ्याच्या पलंगावर बूट काढून बसायचा. सात नंबरमध्ये फेरीबोटीचे एक जुने कप्तान राहत. दुसऱ्यांदा तो त्यांच्या पलंगावर सापडला तेव्हा कप्तानांनी कॉफीचा मग फेकून मारला.

तिथली मुख्य परिचारिका सोलफ्रिद. तिने योरुनला बाजूला घेतलं. मी योरुनच्या कोटाच्या खिशात होते, मी ऐकलं.

"अजून एकदा असं झालं, तर त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर कुलूपबंद विभागात हलवतील. ते माझ्या हातात नाही, योरुन."

"तिकडे जायला एक फेरी आणि दोन बस. मी त्याला रोज भेटते."

"माहीत आहे मला. म्हणून तर आधी सांगतेय. त्याचं दार त्याला ओळखता येईल असं काहीतरी करा."

योरुनने आठवडाभर एका फरशीवर काम केलं. सफरचंदाची फुललेली फांदी आणि तिच्यावर नारिंगी टोकांचा एक नर. शेवटी बारीक पेनाने त्याच्या मिशा रेखल्या. आता राहिलं होतं लाखेचं काम. या शाईला कोरड्या दिवशी, उघड्यावर, लाखेच्या फवाऱ्याचे तीन थर द्यावेच लागतात. नाहीतर स्पिरिटचा नुसता स्पर्श झाला तरी सुकलेलं चित्र पुन्हा वाहू लागतं. वाचनालयात पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

पण आमच्याकडे अकरा दिवस पाऊस थांबला नव्हता, आणि घरात फवारा मारला की योरुनला खोकल्याची उबळ यायची. ती रोज खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "उद्या." शेवटी तिने फरशी तशीच, बिनलाखेची, आयविनच्या दारावर लावली. मला ते खुपलं. पण फुंकणीचं कोण ऐकतं?

आयविन दारापुढे थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"नर आहे," तो म्हणाला. "मादी कुठाय?"

"आली असेल इथेच कुठेतरी," योरुन म्हणाली.

"आपल्या बागेतलं आहे हे." आणि दार उघडून तो आपल्या पलंगावर जाऊन बसला. त्यानंतर नऊ दिवस तो एकदाही चुकला नाही.

दहाव्या दिवशी कॉफीच्या वेळेला योरुन लोणी-साखर लावलेल्या लेफ्से नावाच्या मऊ पोळ्या आणायला स्वयंपाकघराकडे गेली. त्याचे हात स्वस्थ राहावेत म्हणून तिने मला त्याच्या खिशात ठेवलं होतं. कॉफीआधी सोलफ्रिद सगळ्यांच्या तळव्यांवर जंतुनाशक घालते. तेही स्पिरिटच. हे त्या दोघींच्या लक्षात कधीच आलं नाही. आयविन हात चोळायचे सोडून उठला, दारापाशी गेला, आणि ओला पंजा फुलपाखरावर ठेवला.

पंख वितळले. नारिंगी रंग बोटांमधून ओघळला. आयविनने हात मागे घेतला, डोळे बारीक केले आणि खिशातून मला काढलं. भिंगावर काहीतरी बसलंय असं त्याला वाटलं असावं. त्याने दाबलं. मित्रांनो, मला थांबता येत नाही. मी फुंकलं. त्याने पुन्हा दाबलं, मी पुन्हा फुंकलं. फांदी, मिशा, एका आठवड्याची मेहनत, सगळं मी माझ्याच श्वासाने उधळून लावलं.

योरुन ताटली घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"हे काय केलंस तू?"

"साफ केलं," आयविन म्हणाला.

"साफ केलंस. सगळंच साफ करत चालला आहेस तू." असं कठोर ती त्याच्याशी आजवर बोलली नव्हती. तो बावरून तिच्याकडे बघू लागला. मग तिने ताटली खाली ठेवली आणि त्याची नारिंगी बोटं रुमालाने एकेक करून पुसली. फरशी उतरवून तिने पिशवीत टाकली. स्वच्छ पुसून पुन्हा वापरू, असं ती सोलफ्रिदला म्हणाली.

पाऊस उघडेपर्यंत सोलफ्रिदच आयविनला हाताला धरून खोलीत नेत होती. मग पाऊस उघडला. योरुनने नवी फरशी रंगवली, पहिलीपेक्षा सरस. या वेळी मादीही काढली. अंगणात लाखेचे तीन थर दिले आणि मगच दारावर लावली.

आयविनने ती नीट पाहिली. "सुरेख आहे," तो म्हणाला. "कोण राहतं इथं?" आणि पुढे चालू लागला, थेट सात नंबरकडे. त्याचा हात कप्तानांच्या दाराच्या मुठीवर पडला होता, तेवढ्यात योरुनने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. सोलफ्रिदने टेबलापाशी उभ्या उभ्या ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून मान खाली घातली.

योरुन भिंतीला टेकली. तिचा श्वास मला कोटाच्या कापडातून ऐकू येत होता, माझ्यासारखाच घरघरता. मग पिशवीतून तिने ती बिघडलेली फरशी काढली. पुसायची राहूनच गेली होती. नवी उतरवून तिने जुनी दारावर लावली. फुलपाखरू नव्हतंच तिथं. पाच बोटांच्या पांढऱ्या खुणा होत्या, आणि त्यांच्याभोवती वाऱ्याने पसरलेल्या, गुलाबी कडांच्या पाकळ्या.

आयविन थांबला. हात वर करून त्याने एकेक बोट आपापल्या खुणेवर ठेवलं.

"हे माझं," तो म्हणाला. "मी केलंय हे."

"हो," योरुन म्हणाली. "तूच केलंयस." ती रडत होती. तो दार उघडून आत गेला.

दुसऱ्याच दिवशी तिने त्या फरशीला लाख दिली. तो दार शोधू लागायच्या आत ती परत जागेवर लावली. मी आता आयविनच्या खिशात असते. माझी चीर मोठी झाली आहे. दाबलं तर घरघर येते, वारा येत नाही. रोज दारापुढे तो बोटं ठेवतो, मला एकदा दाबतो आणि आत जातो. मादी असलेली नवी फरशी योरुनने पलंगाशेजारी टांगली आहे. तिच्याकडे तो बघत नाही.

पण गेल्या गुरुवारी तो दारापुढे फार वेळ उभा राहिला. हात खुणांवर होता आणि बोटं जुळत नव्हती. शेवटी जुळली. योरुनने त्याचं कोपर धरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात जपण्यासारखं काही असेल. त्याचा शेवटचा थर "उद्या" म्हणून ठेवू नका. खणात पडलेल्या वस्तूला अधूनमधून हातात घ्या, नाहीतर ती आतून तडकते. आणि म्हाताऱ्या हातांनी तुमचं चांगलं काम बिघडवलं, तर फडकं घेऊन लगेच पुसायला धावू नका. आमच्या घरी पुसायचं राहून गेलं, म्हणून आयविनला दार राहिलं.