साहेबांचीच कल्पना

लढाई संपली आणि मी दिल्लीहून म्हैसूरला आले ती धुमसतच. सैन्याला सल्ले देणाऱ्या एका अभ्याससंस्थेत मी नोकरीला होते. शत्रूला मदत येते त्या खिंडी बर्फानं बंद होईपर्यंत चढाई करू नका, असा अहवाल मीच लिहिला होता. सैन्य थांबलं आणि जिंकलं. आता जनरलसाहेब रेडिओवर सांगत होते, थांबायचं म्हणे त्यांनाच सुचलं!

देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या घरच्या शिंपीकामाच्या दुकानात अण्णा, माझे वडील, एका वकिलांच्या कमरेला टेप लावून उभे होते.

"तुम्ही मागं म्हणाला होतात तशी कंबर जरा सैल ठेवतो, स्वामी."

"हां, मीच म्हणालो होतो," वकील खुशीत म्हणाले. ते असलं काही कधीच बोलले नव्हते. पण पोट सुटलंय हे गिऱ्हाइकाला तोंडावर कोण सांगणार? अण्णांचं दुकान या एका वाक्यावर चालायचं.

वकील गेल्यावर मी जनरलसाहेबांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अय्यो, ते असू दे. अहवालाची सुरुवात काय केली होतीस?"

मला पहिली ओळ आठवली. मग मलाच हसू फुटलं.

"'साहेब, तुम्ही मागं म्हणाला होतात तसं...'"