रेमीची शिवी

सहा गोल अंगावर बसले तरी प्रेक्षकांतली आयली कांगास जागची हलली नाही. लार्च फॉल्सची आइस हॉकी टीम हरते, त्यात नवल ते काय! पण आज टीमचा शेवटचा सामना होता. मालकाने टीम दक्षिणेतल्या कुठल्याशा शहराला विकून टाकली होती. कागदाची गिरणी आधीच गेली, आता हेही. गावात राहिलं काय, तर थंडी.

आयलीला विजयबिजय नको होता. तिला हवं होतं एक शेवटचं कडाक्याचं भांडण. नदीपलीकडच्या ड्यूमाँ गावच्या टीमचा ढोलवाला रेमी हा तिचा तीस वर्षांचा वैरी. ड्यूमाँने गोल केला की हा तिच्या पायाशी मेलेला मासा आणून टाकायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचा. लार्च फॉल्सने केला की ती त्याच्या कानाशी तवा बडवायची. तिच्या नवऱ्याच्या मयतालासुद्धा तो आला, तो "आता तरी तवा घासशील" म्हणायला. त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

आज ड्यूमाँचे सहा गोल झाले, पण मासा एकही नाही. रेमी ढोल मांडीवर घेऊन गप्प बसून होता.

अखेरच्या मिनिटाला लार्च फॉल्सच्या एका खेळाडूने बर्फावरून चकती कशीबशी ढकलली. ड्यूमाँचा गोलकीपर एरवी कुणाचा तरी दात पाडल्याशिवाय घरी जात नसे. तो सरळ बाजूला झाला. गोल! सगळं गाव नाचू लागलं. ड्यूमाँवालेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आयलीने तवा उचललाच नाही.

रेमी पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला.

"वाजव की तवा, म्हातारे."

"भीक घातलीत का रे आम्हाला?"

"असू दे गं. जाता जाता एक..."

"मासा कुठाय, टकल्या?"

"नाही आणला."

"मग शिवी तरी दे! भिकारडी टीम म्हण. दर वेळी घसा फोडून म्हणतोस ना? म्हण की!"

रेमीने टोपी काढून तिचा हात हातात घेतला.

"चांगली होती गं तुमची टीम."

आयलीने हात हिसडून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचा खराखुरा राग आला होता, आणि तो काढायला पुढचा सामना नव्हता.