एका ओळीचे उत्तर

एकतीस वर्षे उत्तर न दिलेले पत्र आत्मारामपंत रेग्यांना आठवले, तेव्हा फ्लॉरेन्सच्या त्या चौकावर कार्तिकातले ऊन उतरत होते. मधुवर्णी, मंद, मावळते ऊन.

"परत येऊ का? एका ओळीत कळवा," कुमुदिनीने लिहिले होते. कोल्हापूरच्या कॉलेजात दोघे इतिहास शिकवीत. जुनी चित्रे जतन करण्याची विद्या शिकायला ती इथे आली होती. पंतांची जन्माची सवय, आधी खर्डा, मग पक्की प्रत. त्या एका ओळीचे चाळीस खर्डे झाले. पक्की प्रत झालीच नाही. ती इथेच राहिली.

समोर जुन्या अनाथालयाच्या नऊ कमानी. कृशकाय खांब, शुभ्रशांत भिंत, आणि कमानींच्या सांध्यांवर, निळ्या तबकड्यांत, दुपट्यातली मातीची बाळे. हात पसरलेली. पाचशे वर्षे हात पसरलेली. प्रमाण आणि संतुलन म्हणून पंतांनी हा चौक वर्गात किती वेळा शिकवला होता! हे हात त्यांनी कधी शिकवले नव्हते.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरात कुमुदिनी अजून एकटीच राहत होती. उद्या पहाटे पंतांचे विमान होते. तीन दिवस ते त्या दारावरून नुसते फिरत होते. बरोबर आलेली पुतणी शर्वरी शेवटी वैतागली.

"काका, बेल वाजवायलाही खर्डा लागतो का?" म्हणाली, आणि कॉफी प्यायला निघून गेली.

मग कुमुदिनी आली. पांढरे केस, हातात भाजीची पिशवी, चाल मात्र तीच. तिची सावली पंतांच्या बुटांवरून सरकली. परक्या म्हाताऱ्याला लववावी तशी तिने मान लववली. दार उघडले. दार मिटले.

खांबांवरून ऊन ओसरले, अंगातून रक्त ओसरावे तसे.

इथे टपालाची तिकिटे तंबाखूच्या दुकानात मिळतात; तिथून त्यांनी कार्ड आणि तिकीट घेतले. पायरीवर बसून, खर्ड्यावाचून लिहिले: "या. एवढेच लिहायचे होते, धीर झाला नाही. आज तुम्ही ज्याला मान लववलीत, तो मी. हे पोचेल तेव्हा मी कोल्हापुरात असेन. तरीही, या." एक शब्द खोडला. खोडलेलाच ठेवला.

भिंतीवरच्या लाल टपालपेटीला दोन तोंडे होती, एक गावातल्या पत्रांचे, एक परगावच्या. शंभर पावलांवरच्या दारासाठी त्यांनी गावाचे तोंड निवडले. बोटे सुटेनात. मग सुटली. आत, रित्या तळाशी, एक हलका आवाज. बाहेर, निळावत्या चौकात, संध्याकाळ पायरी पायरीने उतरत गेली.