गार झाला की चालू

"सरका बाजूला, कानिफभाऊ आले!" भागूबाई ओरडली आणि किटल्या घेतलेल्या माणसांनी वाट करून दिली. देवळाली प्रवराच्या त्या डेअरीत दुधाची फॅट मोजायचं मशीन काल संध्याकाळपासून बंद होतं. कानिफनाथ नगरहून पहिली एसटी पकडून आला होता. बॅग टेबलावर टेकवून त्यानं सवयीनं मशीनच्या पाठीमागे अंगठा नेला. जुन्या मशीनला तिथं एक टोपी असायची. ती फिरवली की काचेचा फ्यूज हातात यायचा. या नव्या मशीनला टोपीच नव्हती. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण अंगठ्याला कोण सांगणार?

नगरच्या एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्यात ही मशीन बनत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी कानिफनाथ गावोगाव हिंडे. दुरुस्ती म्हणजे बहुतेकदा जळालेला फ्यूज काढून नवा बसवणं. तेवढ्यासाठी माणसं त्याची वाट बघत, चहा पाजत, घरचं सुखदुःख सांगत. त्याच्या लेकीचं स्थळ पुणतांब्याच्या डेअरीत, दुधाच्या रांगेतच कुणीतरी सुचवलेलं. बायको गेली तेव्हा नेवाशाकडून टेम्पो भरून माणसं आली होती. त्यात नात्यातलं कुणीच नव्हतं, सगळे डेअरीवाले.

त्याला यायला उशीर झाला की मात्र लोकांचा धीर सुटायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळून ते मशीन चालू करत, आणि मग आतलं सर्किटचं अख्खं कार्ड जळून कोळसा होई. कानिफनाथ तोंड सोडायचा. "बंद पडलं की स्विचलाबी हात लावायचा न्हाई. मी येईस्तोवर हाय तसं ठिवायचं!" हे त्यानं गावागावात इतकं घोटून घेतलं होतं की, शेवटी लोकांच्या अंगवळणी पडलं.

ती जळकी कार्डं कारखान्यात वृषालीच्या टेबलावर येऊन पडत. ती तिथली डिझाइनची इंजिनिअर. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं नवं कार्ड काढलं आणि त्याला बोलावून दाखवलं. बोर्डावर हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी सपाट चिकटवलेलं होतं. त्याला ना पाय, ना काच.

"मामा, हा फ्यूज जळतच नाही. करंट जास्त झाला की तापतो आणि वाट अडवतो. गार झाला की पुन्हा चालू."

"आपोआप?"

"स्विच तेवढा बंद करायचा. वीज चालू राहिली तर तापलेलाच राहतो, सुटत नाही."

पहिला नमुना मात्र उगाचच बंद पडू लागला होता. फ्यूज गरम भागांच्या शेजारी बसला होता. "डेअरीच्या पत्र्याखाली दुपारी किती तापतं हो?" तिनं विचारलं.

"मशीनवर हात ठिववत न्हाई, मॅडम."

मग तिनं फ्यूज गरम भागांपासून लांब, कोपऱ्यात नेला, थोडा मोठाही घेतला. कानिफनाथला बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी विचारलं! जिना उतरताना त्याच्या ध्यानात आलं की, आपण आपल्याच फेऱ्या बंद करायला मदत करून आलो. त्याला हसू आलं आणि लगेच विरलं.

आता देवळालीत मशीन समोर होतं आणि स्विच कालपासून चालूच होता. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. दूध ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या वायरच्या जोडावर दूध सांडलेलं दिसलं. करंट वाढला तो त्यानंच. कानिफनाथनं स्विच बंद केला, जोड फडक्यानं कोरडा केला आणि उगाचच झाकणाचे स्क्रू काढून पुन्हा लावले. मग चालू केलं. आकडे उजळले.

"तुमच्या हाताला गुण हाय बगा," डेअरीचे सेक्रेटरी आबासाहेब म्हणाले.

हे ऐकून कानिफनाथनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. लोकांनी अशीच वाट बघितली असती, अशीच वाट करून दिली असती. कानिफनाथच्या मनात ते आलं, अगदी स्पष्ट आलं.

तेवढ्यात भागूबाई किटली आपटत म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. काल माज्या म्हशीला गाईची फॅट लावली, दर पाडला. म्हने मशीन बंद हाय, अंदाजानं घेतो. भाऊ आल्याबिगर मशीनला हात कोन लावनार?"

कानिफनाथनं पुन्हा स्विच बंद केला.

"भागूबाई, इकडं या. हे बगा. बंद पडलं की स्विच बंद करायचा. दूध सांडलं असंल तर पुसायचं. मग एक चहा प्यायचा आन् चालू करायचं. करा."

"मी? तुमीच म्हनले हुते, हात लावायचा न्हाई."

"आता मीच म्हनतोय, लावा."

तिनं पदराला हात पुसला आणि बिचकत स्विच दाबला. आकडे उजळले तशी ती लहान पोरीसारखी हसली. रांगेत एकच गलका झाला. कानिफनाथनं बॅगेची चेन लावली. 

दिवाळीपर्यंत देवळालीहून फोन आला नाही. एकदा तो लेकीकडे निघाला होता आणि देवळालीला एसटी थांबली तसा उगाचच उतरला. डेअरीत पोचतो तोच मशीन विझलं. त्याचा हात बॅगेकडे गेला.

रांगेतून कुणी वळून बघितलं नाही. भागूबाईनं पुढं होऊन स्विच बंद केला, पदरानं जोड पुसला. वळली तेव्हा तो दिसला.

"अगं बया, भाऊ! बसा की. आबासाहेब, चहा सांगा, भाऊंना पयला."

तो खुर्चीवर बसला, बॅग मांडीवर घेऊन. चहा नेहमीसारखाच गोड होता. कप रिकामा व्हायच्या आत मशीन चालू झालं आणि रांग त्याच्यासमोरून पुढं सरकू लागली.