गाव वसवायला निघालेली माणसं

माऊसच्या पोटाखाली तांबडा दिवा होता. काशीरामने तो आधी उलटा करून पाहिला, मग स्वतःच्या तळहातावर धरला, मग सुनीलच्या नाकाखाली, आणि सुनीलच्या मिशा तांबड्या झाल्या तसा तो खीखी करून हसला. कारण नवी वस्तू हाताला लागली की ती पहिल्यांदा कुणाच्या तरी नाकाखाली धरायची, कामाचं मग बघू, ही त्याची पन्नाशीपर्यंत टिकलेली पद्धत.

"सरळ धर रे. झुरळ हाय काय ते?" तय्यब म्हणाला.

तय्यब समोरच्या दारातला. कुवेतला क्रेन चालवून कायमचा परत आलेला, आणि येताना हा लॅपटॉप आणि लॅपटॉपमधला हा खेळ घेऊन आलेला. जुन्या काळातली माणसं, कुणी मिसरचे, कुणी रोमचे. गाव वसवायचं, वेस बांधायची, राज्य वाढवायचं, आणि सगळं पाळीपाळीनं. आपण एक चाल करायची, मग बाकीचे राजे करणार, मग पुन्हा आपण. तिथल्या कॅम्पमध्ये जुम्म्याची सुट्टी यावर निघायची म्हणे. सकाळी गॅलरीत चहा पिताना काशीराम म्हणाला होता की हे तर लहान पोरांचं काम, मी डाव्या हातानं राज्य करीन. आणि तय्यब म्हणाला होता, "तुला नाय जमायचं. यात बूड टेकून बसायला लागतं."

झालं. पैज. संध्याकाळच्या चहाला काशीरामचं राज्य उभं असलं तर तय्यब हरला, नसलं तर काशीराम. हरणाऱ्यानं डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या आणि रिक्षात मागे बसून भर बाजारपेठेतून फिरायचं. खाली भांड्यांचं दुकान चालवणारा सुनील पंच. मुंडावळ्याही तोच आणणार.

त्याच गॅलरीत माधुरी कपडे वाळत घालत होती. तिनं चादर झटकली तेव्हा थेंब काशीरामच्या चहात पडले.

"राज्य करा," ती म्हणाली, "पण आज दादाला कळवायचं हाय. संध्याकाळी फोन करणार तो. हो का नाय, तेवढं सांगून ठेवा."

"बघू गो."

"बघू नाय. तो थांबला एवढा थांबला. आज नाय म्हणालो तर ती अर्धी जागा तो वहिनीच्या भावाला देणार. हो नायतर नाय."

रामजी, तिचा भाऊ. पोलादपूरच्या बाहेर माळावर त्याची जागा, अर्ध्यात त्याचं घर, अर्धी बहिणीसाठी राखलेली. काशीराम तिथं चारदा जाऊन आला होता. चारही वेळा जागेकडे पाठ करून मागच्या डोंगराकडे बघत उभा राहिला होता, आणि परत येताना म्हणाला होता, बघू.

पडद्यावर हिरवळ होती. सगळीकडे काळे ढग आणि मध्ये एवढीशी उजेडाची टिकली, त्यात गाठोडी-बिठोडी घेतलेली चार माणसं आणि सोबत एक सोटेवाला. गाव वसवायला निघालेली माणसं. वाऱ्यावर त्यांच्या गाठोड्यांची टोकं हलत होती. ते काशीरामला एकदम आवडलं, म्हणजे हसू आलं, आणि हसता हसता वाटलं की यांना उभं राहून किती वेळ झाला असेल... माझ्यासाठी खोळंबलेत बिचारे.

"नदीच्या काठाला ती खूण दिसते ना? गेमच सांगतो, इथं वसव. पाणी हाय, मागे टेकडी हाय, वैरी आला तर वरून दिसतो. बटण दाब, गाव तयार."

काशीरामने नदी बघितली. निळी, वळणावळणाची, तिच्यावर ऊन चमकत होतं. चांगली दिसते, दिसणारच. आमची काय वाईट दिसते? मे महिन्यात सावित्रीत गुडघाभर पाणी नसतं, पोरं क्रिकेट खेळतात...

"इथं नको," तो म्हणाला.

"का?"

"हिला पूर येणार."

सुनील हसला. काशीराम विनोद करतोय असं त्याला वाटलं, आणि काशीरामलाही क्षणभर वाटलं की आपण विनोदच केला. त्यानं माणसं उचलली, पुढच्या चौकटीत नेली. कोपऱ्यातलं गोल बटण दाबलं: पाळी संपली. कुठेतरी ढगाआड कुणीतरी काहीतरी केलं, ढोल वाजला, पाळी परत आली. मधला तेवढा वेळ त्याला सहन झाला नाही. म्हणजे मी काय करायचं, हात बांधून बसायचं, आणि ते तिकडं न दिसणारे लोक आपल्याला हवं ते करणार? त्यानं बटण पाच-सहा वेळा दाबून पाहिलं.

"लिफ्ट नाय ती," तय्यब म्हणाला. "येईल तुझी पाळी."

पुढं टेकडीचा पायथा. झाडं, हरणं, खायला मुबलक. इथंही खूण. काशीराम टेकडीकडे बघत राहिला. तिचा उतार कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेला, मऊ, हिरवागार... वरती झाडं दाट होती, पण दाट झाडांचं काय सांगता, त्या डोंगरावरही दाटच तर होती.

"इथंही नको. पाठीवर येईल ती."

"अरे हा गेम हाय! यात दरड नाय कोसळत."

"तुला काय माहीत? ज्यानं बनवला त्यानं तरी पाऊस बघितला काय कधी?"

दुपारच्या गाडीला वीर स्टेशनवर त्याचा नंबर होता. स्टँडवर रिक्षा ओळीनं लावायच्या, पुढचा भरला की मागच्यानं सरकायचं, हा तिथला कायदा. आणि हा कायदा मोडायच्या काशीरामच्या युक्त्या महाडपर्यंत प्रसिद्ध. पुढच्याला सांगायचं, तुझ्या सासऱ्याला मागच्या डब्यातून उतरताना बघितला. तो धावत गेला की आपण सरकायचं. एकदा एका नव्या रिक्षावाल्याला त्यानं पटवलं होतं की आरटीओचे साहेब येणारेत, सगळ्यांनी इंजिनाला हळदकुंकू लावा. त्या माणसानं खरंच लावलं होतं.

आज तो ओळीत तिसरा होता आणि सरकत नव्हता. सीटवर बसून हँडलवर बोटं वाजवत होता. पुढचा भरून निघून गेला तरी त्याला कळलं नाही, मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा दचकला. डोळ्यांसमोर ती चार माणसं. नदीपासून लांब, टेकडीपासून लांब अशी जागा असणारच कुठंतरी. काळे ढग बाजूला झाले की दिसेल, तय्यबला काय, त्याला घाई...

पूर आला त्या जुलैत मी गच्चीवर उभा होतो. खाली आमची तळमजल्याची खोली, खोलीत छातीएवढं पाणी, नंतर दारच दिसेना. शेजारच्यांचं गॅस सिलिंडर तरंगत गेलं, मागून माझी रिक्षा एका कुशीवर होऊन, अगदी आळसावल्यासारखी. मी ओरडलो, "आता होडीचं परमिट काढायला पायजे!" आणि गच्चीवरचे सगळे हसले. भिजलेले, उपाशी, रडवेले लोक हसले, मला बरं वाटलं. माधुरी हसली नाही. तिच्या हातात कुकर होता, फक्त कुकर, घाईत तेवढाच उचललेला, आणि तो ती सोडत नव्हती. मग मोबाईलला जरा रेंज आली आणि तळीयेवर दरड आल्याचं कळलं. त्यानंतर मी दुसरा विनोद करायला तोंड उघडलं होतं. कुठला होता तो, आजतागायत आठवत नाही...

भाड्याच्या वरच्या मजल्यावर आलो ते तेव्हापासून. पाहुणा कुणी विचारतो, स्वतःचं घर कधी? मी म्हणतो, चंद्रावर प्लॉट बघतोय. हसतात. हे बरं आहे. चंद्राच्या मागं डोंगर नाही.

"ओ काका, महाड?" बॅगवाली बाई विचारत होती. बसा म्हणाला. वाटेत ती बोलत होती, तो हूं हूं करत होता.

परत आला तर तय्यबच्या खोलीत पंखा घरघरत होता आणि तय्यब कपाळाला हात लावून बसला होता. "मी काय हात लावला नाय हां. तुझी पाळी हाय अजून."

काशीराम बसला. हातातली घामेजली किल्ली तशीच. चला. वाळवंट आलं: पाणी नाही, पण खायलाही नाही. समुद्र आला: नको. पलीकडं ढगातून दुसऱ्या कुठल्या राजाचं गाव निघालं, चांगलं भिंतीबिंतीचं, शेतं पिकलेली, आणि नदीच्या अगदी काठावर. काशीराम त्यावर माऊस फिरवत राहिला. घरांतून धूर निघत होता. यांना भीती वाटत नाही काय? का वाटते आणि तरी स्वयंपाक करतात?

"कुठंतरी टेक रे बाबा," तय्यब म्हणाला, आवाज आता चिडलेला नव्हता. "टेकल्याशिवाय काहीच सुरू होत नाय यात. मी पण पहिल्यांदा असाच फिरलो. पण एवढं नाय फिरलो."

"बघू," काशीराम म्हणाला, आणि स्वतःचाच तो शब्द त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

एक मैदान दिसलं. सपाट, मोकळं, डोंगर बराच मागं, नदीही बरीच लांब. माळच तो. हरकत घ्यायला काही नव्हतं. काशीरामने माणसं तिथं आणली, खूण उजळली, बोट बटणावर गेलं... आणि त्यानं मागच्या डोंगराकडे पाहिलं. किती लांब आहे नक्की? अजून एक चौकट पुढं घेऊ. एकच. पाळी संपली.

ढोल वाजला. ढगातून कुऱ्हाडवाली रानटी टोळी आली, सोटेवाला पडला, आणि त्या चार माणसांना गाठोड्यांसकट ओढून घेऊन गेली. पडदा काळा झाला.

"एक झोपडी पण नाय बांधली!" सुनील दारातूनच ओरडला. हातात मुंडावळ्या होत्या, दुकानातून निघतानाच घेऊन आलेला हरामखोर. "राजा बिनघराचा मेला!"

काशीराम मोठ्यानं हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच. बांधा म्हणाला, घट्ट बांधा, नवरी पळाली तरी मुंडावळ्या पळायला नकोत. बोटं मात्र माऊस सोडायला तयार नव्हती, तय्यबनं ती एकेक करून उचलली.

स्वतःच्या रिक्षात तो कधी मागं बसला नव्हता. रेक्झीन तापलेलं होतं. पुढं हँडलवर तय्यब, सुनीलच्या मोबाईलवर सनई फुल्ल, आणि बाजारपेठ लोटलेली. फळवाल्यानं द्राक्षाचा घोस फेकला. काशीराम दोन्ही हात जोडून नमस्कार घेत होता, डोळे मिचकावत होता, शोभतच होता तो... फक्त हातांना धरायला काही नव्हतं. ब्रेक कुठं लागणार ते तय्यब ठरवत होता. वळणावर अंग आधी इकडं जायचं आणि मग कळायचं की वळलो.

पेठेच्या टोकाला, भाजीची पिशवी आणि मोबाईल एकाच हातात धरून माधुरी उभी होती.

तय्यबनं गाडी थांबवली. लोक थांबले. आता ही शिव्या घालणार म्हणून सुनीलनं सनई बारीक केली. माधुरीनं काशीरामकडे पाहिलं, मुंडावळ्यांकडे पाहिलं. "सरका," म्हणाली, आणि पिशवी पायाशी ठेवून शेजारी बसली. पेठ ओरडली. शिट्ट्या.

"दादाचा फोन आला?" त्यानं हळूच विचारलं.

"आला."

"मग?"

"तुमची वाट बघितली मी. मग काय सांगायचं ते सांगितलं."

रिक्षा चालू लागली. त्याच्या एका डोळ्यावर मुंडावळी आली होती, ती तिनं बाजूला केली आणि समोर बघत राहिली. हो म्हणाली असेल. भीती वाटली, ती ओळखीची, चारही वेळा माळावर उभं राहून आलेली. नाय म्हणाली असेल, जागा गेली असेल... आणि मग दुसरी भीती आली. ही नवीन होती. ही पहिलीपेक्षा मोठी होती. त्याला कळेना की ही कुठून आली, आणि विचारवेना, कारण उत्तर आलं तर दोन्हींतली एक तरी जाईल, आणि कुठली राहील...

"अगो माधुरी!" फुलवाली ओरडली. "वरात निघाली कुठं?"

याला उत्तर होतं. दहा होती. जिभेवर येऊन बसली होती सगळी, आणि अख्खी पेठ त्याच्याच तोंडाकडे बघत होती. काशीराम मान वळवून माधुरीकडे बघू लागला, ती काय सांगते ते ऐकायला.